दाऊदमामाची अ‍ॅलर्जी

दाऊदमामा यायचा म्हटलं की मस्कतजवळच्या माबेल्यातल्या कुबराच्या घरात कोळंबी बंद. सुरमई चालेल, पापलेट चालेल, कोळंबी नाही. ‘मामाला अ‍ॅलर्जी आहे,’ हे तिची निदा लहानपणापासून ऐकत आली होती. आता पोरगी वीस वर्षांची घोडी झाली, तरी खरं काय ते कुबरानं तिला सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं म्हणावं तर तसंही नाही. आधी विषय निघाला नाही, आणि अलीकडे तर काढायची हिंमतच होईना.

खरं असं, की दाऊद रेवदंड्याचा शनवार तेली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. कुबरा जन्मली तेव्हा तिच्या आईला टायफॉइडनं धरलं होतं. शेजारच्या हन्नाबाईनं एका मांडीवर आपला दाऊद घेतला, दुसऱ्या मांडीवर ही. दुधाचं नातं रक्ताइतकंच पक्कं. सख्ख्या दिरासमोर डोक्यावर ओढणी घेणारी कुबरा दाऊदसमोर उघड्या डोक्यानं बसते, ती काय उगीच?

तर हा दाऊद उद्या सकाळी मस्कतला उतरणार, आणि आदल्या संध्याकाळीच निदा कॉलेजातून तणतणत आली. उद्या तिथं शिवांगी मॅडमनी भरवलेलं गाझावरचं पोस्टर प्रदर्शन होतं. तिनं आपलं पोस्टर जेवणाच्या टेबलावर पसरलं.

खाली कफनातली चिमुकली मुलं अशी काढली होती, की कुबरानं त्यांच्यावरून हात फिरवला. आणि वर एक माणूस. पोपटाच्या चोचीसारखं नाक, टोपीवर ज्यूंचा तारा, नखांतून रक्त. शेजारी इंग्रजीत लिहिलेलं, ‘ही जातच अशी.’

“शिवांगी मॅडम म्हणतात, विचार कर,” निदा फणकारली. “म्हणे, बॉम्ब टाकणाऱ्यांवर काढ, त्यांच्या सरकारवर काढ, हवं तितकं जहाल काढ, मी भिंत देते. पण हा चेहरा म्हणजे अख्ख्या समाजाला शिवी. डरपोक आहेत नुसत्या!”

“मग लावू देणार नाहीत?”

“देणार. म्हणाल्या, मी उतरवणार नाही. पण हे चित्र का चूक आहे, ते माझ्या नावानं लिहून शेजारी लावीन.”

डरपोक कसली! डीन म्हणत होते, कटकट नको, प्रदर्शनच खलास करा. तेव्हा हीच बाई त्यांच्याशी भांडली होती. पण रागात पोरीला ते कुठलं आठवायला?

“फाड ते,” कुबरा म्हणाली.

“का? बातम्या बघून तूच रडतेस ना?”

कुबरा तडक स्वयंपाकघरात गेली आणि तिनं मॅडमना फोन लावला. “मॅडम, मीच फाडते. तुमचीही कटकट मिटेल.”

“नका हो ताई. तिला वाटेल, त्या मुलांसाठी रडायलाच बंदी आहे. सांगण्यासारखं काही असेल तर सांगा तिला.”

सांगण्यासारखं होतं की! पण सांगितलं आणि पोरीनं उद्या मामाकडे पाठ फिरवली तर? ज्यानं तिला पहिली रंगपेटी आणून दिली, तो पोरका व्हायचा. शेवटी ‘या अल्ला’ म्हणून ती बाहेर आली आणि तिनं हन्नाबाईपासून सगळं सांगितलं.

निदा खुर्चीवर टेकली. “मग अ‍ॅलर्जी?”

“अ‍ॅलर्जी कसली डोंबलाची! त्यांच्यात कोळंबी खात नाहीत.”

निदानं पोस्टर गुंडाळलं, खोलीत गेली आणि दार धाडकन लावलं. जेवायलाही आली नाही.

सकाळी विमानतळावर प्रदर्शनाचं कळलं तसा दाऊद हटूनच बसला. “आधी पोरीचं चित्र, मग घर.” कुबरा नाही म्हणणार कशी?

भिंतीवर ती मुलं होती, बाजूला निदा उभी. वरचा माणूस कात्रीनं कापून काढलेला, तिथून पांढरी भिंत दिसत होती. शेजारी फक्त एवढंच, ‘मुलांना मारणं थांबवा.’ कुबराचा जीव भांड्यात पडला.

चष्मा काढून दाऊदनं डोळे पुसले. “बघवत नाय गो या पोरांकडं.” मग त्यानं वर बोट दाखवलं. “हे भोक कसलं?”

“डिझाइन असतं हल्ली तसं,” कुबरा घाईनं म्हणाली.

“डिझाइन नाही, मामा,” निदा म्हणाली. शब्द शोधताना ती अडखळत होती. “तिथं मी एक माणूस काढला होता. वाकड्या नाकाचा. ज्यू. लिहिलं होतं, ही जातच अशी.”

दाऊदचा चेहरा उतरला. त्याचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला.

“कापलास कधी?”

“काल. अम्मीनं तुझं सांगितल्यावर.”

“आणि तिनं सांगितलंच नसतं तर?”

निदानं मान खाली घातली. “तर लावलं असतं.”

“खरं बोललीस,” दाऊद म्हणाला आणि त्यानं तिचा हात धरला. “पण काल सांगितलं म्हणजे? मला वाटायचं, तुला ठाऊक आहे.”

“मला सांगितलं होतं, तुला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे.”

निदाचा हात न सोडता दाऊद कुबराकडे वळला. “कुबरे,” तो म्हणाला, “हन्नाबाईचं दूध प्यालीस तू. आणि मला अ‍ॅलर्जी?”

ओढणी तोंडाला लावून कुबरा तिथंच हुंदके देत राहिली.