कॅझ नातीला सामना दाखवतो

मैदानाबाहेरच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या माणसाची कॉलर कॅझनं धरली आणि लगेच सोडली, कारण मी कॅझच्या दंडात नखं रोवली होती. तो माणूस मुकाट्यानं मागे गेला. कॅझचे पंजे बघितले की माणसं सहसा मागेच जातात. सगळी उमर भंगाराच्या आवारात लोखंड फोडण्यात गेली होती त्याची. वय उतरलं होतं, पण मनगट उतरलं नव्हतं.

"वांडानं बघितलं का?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"ती पोरीच्या बुटाची नाडी बांधतेय. नशीब समज."

"मी फक्त धरलं त्याला. धरणं म्हणजे मारणं नव्हे."

"हे तिला जाऊन सांग, मग बघू."

वांडा ही कॅझची एकुलती एक लेक. कोरी तिची सात वर्षांची पोर. मी फ्लो, कॅझची धाकटी बहीण. आम्हां दोघांत वाईट तोंड माझं आणि वाईट हात त्याचा, असं आमची आई म्हणायची. जन्म मिल्वॉकी ॲव्हेन्यूवरच्या आमच्या चर्चच्या मागं गेला आणि उन्हाळे या जुन्या बेसबॉलच्या मैदानाच्या उघड्या बाकांवर.

वांडा नऊ वर्षांची असताना कॅझ तिला याच बाकांवर घेऊन आला होता. पुढच्या रांगेतला कुणीतरी आमच्या संघाच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, आईवरून काही बोलला. कॅझ त्याच्यावर तुटून पडला. हात मागे घेताना त्याचं कोपर लेकीच्या तोंडावर बसलं आणि तिचा समोरचा दात निखळला. त्याला पत्ताच नव्हता. तो त्या माणसाला बडवतच राहिला. दमून मागे वळला तेव्हा लेकीच्या हनुवटीवर रक्त बघून विचारतो, "तुला कुणी मारलं?" आणि तिनं तोंड उघडायच्या आत कुणाला तरी शोधायला निघाला.

घरीही तो असाच. दारं फुटली, ताटल्या फुटल्या, दोनदा आयरीनचा हात मोडला. बायकोचा हात मोडणारा माझा सख्खा भाऊ आहे, हे मी लपवत नाही. आयरीनला मूठमाती दिली त्या दिवसापासून वांडा बापाच्या दारात आली नव्हती. नात त्यानं पाहिली ती माझ्याकडच्या फोटोंत. या उन्हाळ्यात कोरीच हट्टाला पेटली की मला माझा जाजा बघायचाय. आम्हां पोलिश लोकांत आजोबाला जाजा म्हणतात. शेवटी वांडानं मला फोन करून अट घातली.

"एक सामना, चोची," ती म्हणाली. मावशी-आत्यांना सगळ्यांनाच आम्ही चोची म्हणतो. "सामन्याचे नऊच्या नऊ डाव त्यानं हात आवरला, तर दर रविवारी चर्च सुटल्यावर कोरीला त्याच्याकडे सोडीन. एकदा जरी हात उचलला, कुणावरही, तरी संपलं. मग तो मेल्यावरही बोलवायचं नाही मला."

मी निरोप दिला तेव्हा कॅझ बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "नऊच ना?"

त्यानंतर पंधरा दिवस त्यानं माझं डोकं खाल्लं. कुटुंब घेऊन मैदानावर कसं जायचं याचे त्याच्याकडे नियम होते आणि ते तो मला रोज ऐकवायचा. शेंगदाणे बाहेरच्या म्हातारीकडून घ्यायचे, आतले खवट असतात. छताखालची जागा घेतली तर खांब बघून घ्यायची, नाहीतर अख्खा सामना खांबच बघत बसायचं. पोराला तिसऱ्या डावातच मुतवून आणायचं, पाचव्यात बिअरवाल्यांची रांग लागते. टोपी हवी. चेंडू हवेत असला की तोंड खाली घालायचं नाही.

"आणि पोरंबाळं असली की उघड्या बाकांवर बसायचं नाही," तो म्हणाला. "तिथं सगळी जनावरं."

"मग तिकिटं कुठली काढलीस?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. काढली होती उघड्या बाकांचीच. तिथं त्याची माणसं होती. प्लंबर लेस्टर होता, गोदीतली पोरं होती, ज्यांच्याबरोबर तो उभा जन्म ओरडला ती सगळी होती. लेक त्याचं तोंड बघत नाही, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापुढं त्याला नात मिरवायची होती. मी त्याला शिव्या घातल्या, पण तिकिटं बदलून घे असं काही मला म्हणवलं नाही.

ऊन रणरणत होतं. लेस्टरनं कोरीला बघून टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. "ही आमच्या कॅझची? एवढी देखणी? कॅझ, खरं सांग, कुठून चोरलीस?"

कॅझ असा हसला की त्याच्या दाढा दिसल्या. वांडा हसली नाही. ती कोरीच्या आणि बापाच्या मध्ये बसली.

दुसऱ्याच डावात खालच्या रांगेत जुंपली. एकानं दुसऱ्याच्या डोक्यात बाटली घातली आणि कान अर्धा लोंबायला लागला. रक्त शर्टावरून पँटीवर उतरलं. आजूबाजूचे उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यातला एक जण धडपडत वर आला आणि कॅझच्या गुडघ्यावर आपटला. उठताना त्यानं कॅझला शिवी दिली. कॅझचे खांदे वर चढले. मग त्यानं सावकाश दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसला.

"जाजा, तू हातांवर का बसलायस?" कोरीनं आईच्या पुढून मान काढून विचारलं.

"गार पडलेत."

"एवढ्या उन्हात?"

"म्हाताऱ्यांचे पडतात."

वांडानं ते ऐकलं. पुढच्या डावात ती बापाच्या पलीकडे सरकली आणि कोरी मध्ये आली. कॅझनं तिला शेंगदाणे सोलून दिले, तिसऱ्या डावात मला तिला संडासला न्यायला लावलं, कुठला खेळाडू उजव्या हातानं पळतो अशा थापा मारल्या. पोरगी खिदळत होती. आता निभावतंय, असं मला वाटायला लागलं.

सातव्या डावात पाहुण्या संघाच्या एका धिप्पाड गड्यानं चेंडू असा हाणला की तो मैदानाच्या वेलींनी मढलेल्या भिंतीवरून थेट आमच्याकडे आला. पुढच्या माणसाच्या छातीवर तो धप्पकन आदळला. माणूस कळवळून खाली बसला आणि चेंडू घरंगळत कोरीच्या पायाशी थांबला. तिनं तो उचलून दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

आमच्या बाकांवर पाहुण्यांचा होमरन, म्हणजे असा भिंतीपलीकडे हाणलेला चेंडू, कुणी घरी नेत नाही. तो परत मैदानात भिरकावायचा. तो ठेवणारा आमच्यातला नाही, मग तो कुणी का असेना. सगळीकडून आरोळी सुरू झाली. "परत फेक. परत फेक." या आरोळीत एवढी वर्षं सगळ्यात मोठा गळा कॅझचा होता.

"कॅझ, सांग की नातीला," लेस्टर ओरडला.

कॅझ तिच्यापुढं वाकला. "कोरी, राजा, फेक तो. सगळे तुला डोक्यावर घेतील."

"मला हवाय."

"तो त्यांचा आहे. पाहुण्यांचा."

"मला सापडला," ती म्हणाली. तिनं चेंडू आणखी घट्ट आवळला.

"तिला सापडलाय, तिचा आहे," वांडा म्हणाली. "पपा, तू गप्प बस."

कॅझनं नातीकडे बघितलं, मग लेस्टरकडे. "नाही फेकणार ती," तो म्हणाला. चर्चमध्ये उभं राहून देव नाही म्हणणं त्याला याहून सोपं गेलं असतं, हे मला माहीत आहे.

आधी शेंगदाण्यांची टरफलं आली. मग बिअर आली, एक पेला, मग दुसरा, कोरीच्या केसांवरून डोळ्यांत. ती रडायला लागली तसा लोकांना आणखी चेव चढला. लेस्टर दुसरीकडे बघत होता. वरच्या रांगेतून एक उघडाबंब तरुण बाकांवर पाय देत खाली उतरला, खांदे उन्हानं सोललेले, डोळे तर्र. त्यानं कोरीचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. पोर किंचाळली.

कॅझनं हात उचलला नाही. त्यानं अख्खं अंग कोरीवर टाकलं आणि बाकाच्या दोन्ही कडा धरून ठेवल्या. तो तरुण त्याच्या पाठीत लाथा घालत होता. मी त्या तरुणाची दाढी ओढली तर त्यानं मला कोपरानं ढकलून दिलं. कॅझची बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं मान वर केली नाही. "काही नाही झालं, काही नाही झालं," एवढंच तो खाली पोरीला सांगत होता.

मग वांडा उठली.

माझ्या भाचीला मी कधी झुरळ मारताना बघितलं नव्हतं. तिचा पहिला ठोसा खांद्यातून आला, आखूड, अंगाचा सगळा भार त्यात घालून, अगदी कॅझचा ठोसा. त्या तरुणाचं नाक फुटलं. तो बाकांच्या मधल्या फटीत कोसळला. वांडा त्याच्या छातीवर गुडघे रोवून बसली आणि मारत राहिली. तोंडावर, कानावर, डोळ्यावर. त्याचे दोन्ही हात केव्हाच गळून पडले होते. तिच्या तोंडून एक शब्द नाही, फक्त श्वास. तिचा चेहरा शांत होता आणि मला त्याच गोष्टीची भीती वाटली, कारण तो चेहरा मी आमच्या घरात पुष्कळदा बघितला होता.

त्या गडबडीत चेंडू कोरीच्या हातून सुटला. कुणीतरी तो उचलून मैदानात भिरकावला आणि सगळे बाक आनंदानं उभे राहिले.

"आई, पुरे," कोरी म्हणाली. आजोबाच्या काखेखालून ती सगळं बघत होती. "आई, पुरे ना."

कॅझ मोडलेल्या बरगडीनिशी उठला. त्यानं वांडाला मागून मिठी घातली आणि तिचे हात तिच्याच अंगाशी आवळून धरले. तिनं मागे डोकं आपटून त्याचा ओठ फोडला. त्यानं सोडलं नाही.

"झालं, वांडा. तो पडलाय. झालं आता."

दरवाजावरचा म्हातारा रखवालदार कॅझला ओळखत होता. पोलीस यायच्या आत त्यानं आम्हांला मागच्या फाटकातून बाहेर काढलं. "या वेळी तू नाहीस होय," तो कॅझला म्हणाला. त्या तरुणाला स्ट्रेचरवर घालून नेताना आम्ही बघितलं. तो पाय हलवत होता, एवढं समाधान.

बाहेर फुटपाथवर वांडा भिंतीला टेकली. तिच्या उजव्या हाताची बोटं फुगायला लागली होती. रक्त काही तिचं होतं, बरंचसं नव्हतं. कोरी कॅझच्या पँटीला धरून मागे उभी होती.

"चल, कोरी. घरी जायचं."

कोरी हलली नाही. "मी जाजाकडे राहते."

वांडानं बापाकडे बघितलं. मला वाटलं ती ओरडेल, पण तिचा आवाज खाली गेला होता. "ने तिला. अट अट आहे. तू हात उचलला नाहीस. मीच उचलला."

कितीतरी वर्षं ज्यासाठी तो झुरला ते पोर त्याच्या पँटीला लोंबकळत होतं. त्याचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथं थोडा वेळ राहिला. मग त्यानं तो काढला आणि वांडाचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तिनं ओढून घेतला नाही.

"अंगठी काढायला हवी," तो म्हणाला. "आत्ताच. बोट सुजलं की कापावी लागते."

"निघत नाहीये."

"माहितेय मला. ढिलं सोड."

त्यानं तिचं बोट तोंडात घालून ओलं केलं, लहान बाळाचं घालतात तसं, आणि अंगठी थोडी थोडी फिरवत सांध्यावरून उतरवली. मारामारी करून आल्यावर त्याला किती वेळा हे स्वतःचं स्वतः करावं लागलं होतं, ते आयरीनला माहीत होतं आणि मला. वांडानं डोळे मिटून घेतले होते. तिचे गाल ओले झाले आणि तिनं ते पुसले नाहीत.

त्यानं अंगठी आपल्या शर्टाला पुसून कोरीच्या मुठीत दिली. "ही घरी गेल्यावर आईला द्यायची. हरवायची नाही. आणि तिचा डावा हात धर. उजवा दुखतोय."

"ती मारते," कोरी हळूच म्हणाली.

"ते तिला माझ्याकडनं आलंय. आमच्या घरात मला पुरे म्हणायची कुणाची छाती नव्हती. तू म्हणालीस की नाही? तसंच म्हणत जा."

मग कोरीनं त्याची पँट सोडली, आईजवळ गेली आणि तिच्या डाव्या हाताचं एक बोट धरलं. एकच. वांडानं हात आवळला नाही, तसाच सैल ठेवला. दोघी स्टेशनच्या दिशेनं चालायला लागल्या. रविवारचं वांडा काही बोलली नाही आणि कॅझनं विचारलं नाही.

दोघी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो ताठ उभा होता. मग म्हणाला, "फ्लो, मला आता बसू दे," आणि बरगडीवर हात धरून फुटपाथवरच बसला. भिंतीपलीकडे कसला तरी मोठा जल्लोष उठला. कोण जिंकतंय, हे त्यानं विचारलं नाही.