कच्चं अंग

उजवीकडे

सपाट.

पट्ट्यावरून बोट फिरवलं तरी कळतं. केवळराम डोळे मिटून गळ्याच्या हाडापासून फासळ्यांपर्यंत बोट नेतो आणि बोट कुठेच चढत नाही. चोवीस वर्षांचा माणूस स्वतःच्या छातीवरून बोट फिरवून हसतो, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल? कुणी पाहत नाही. या खोलीला खिडकी नाही.

मिसरूड फुटलं त्याच वर्षी छातीही भरत गेली होती. दोन्हीकडे, बहिणीच्या भरावी तशी. पोरं तलावात उघडी उड्या मारायची, हा बनियन घालून काठाच्या पाळीवर. "केवळाबाई, लुगडं भिजलं का वं?" भाताच्या रोवणीत पुरुष उघडे, खळ्यावर चुरणीत पुरुष उघडे, हा वैशाखातसुद्धा सदऱ्यात. दोन सोयरिकी त्यानं स्वतः मोडल्या. कारण सांगितलं नाही. कारण हळद. नवरदेवाला मांडवात पाटावर उघडा बसवतात आणि गावभरच्या बाया त्याच्या अंगाला हळद लावतात. खांद्याला, पाठीला, छातीला.

तिसरी सोयरीक आंधळगावची. ती त्याच्यानं मोडवेना. पोरीनं पोह्यांची बशी देताना त्याच्याकडे सरळ पाहिलं होतं, आणि तिचं लक्ष सदऱ्यावर नव्हतं, तोंडावर होतं. मग थोरला भाऊ इश्वर त्याला नागपूरला घेऊन गेला. तिथला डॉक्टर म्हणाला, हे पुष्कळांना होतं, काढता येतं. पुष्कळांना! केवळरामला ते पुष्कळ लोक कुठं राहतात ते विचारायचं होतं.

घरात इश्वर आणि माय, दोघांनाच माहीत. गावात सांगितलं, छातीत गाठ होती.

अक्षय तृतीया झाली की हळद. त्या हळदीला उघडं बसायचं. बाकी त्याला काही नको.

डावीकडे

डावीकडचं नंतर.

उजवीकडे

डॉक्टरनं सांगितलं होतं, पट्टा घट्ट राहू द्या, झोपतानाही. हात खांद्याच्या वर नेऊ नका. पाठीला टेका घेऊन उताणे झोपा. काही उचलू नका, बादलीसुद्धा. दुखेल, ठणकेल, निळं पडेल, त्याला घाबरू नका. पण एखादी बाजू एकाएकी फुगली तर घरी बसू नका, निघा.

शेकू नका, असं तो बोलला नाही. चैत्रातल्या उन्हात भंडारा जिल्ह्यात कुणी माणूस शेकून घेत असेल, हे त्याच्या मनात कसं यावं?

पण केवळरामची माय पंचफुला सुईण होती. गावातली अर्धी लेकरं तिच्या हातावर आलेली. अंगावर चिरा घेऊन माणूस घरी आला तर त्याला कसं बरं करायचं, याचा एकच रस्ता तिला ठाऊक होता, आणि त्या रस्त्यानं तिनं शेकडो जणींना नेलं होतं. तिनं मधली खोली सारवली. बाज टाकली. दाराला गोधडी लावली. जिथं थोरली सून दोनदा बाळंत झाली होती, तिथं लेकाला टेकवून बसवलं.

"माय, मी बाळंतीण हाय का?"

"कच्चं अंग हाय तुहं. वारा लागला तं जनमभर पस्तावशील. पडून राय."

शेजारची मंदाबाई गोधडी सारून आत डोकावली. तिला गाठीचीच गोष्ट माहीत होती, पण बाज आणि गोधडी पाहून तिला राहवलं नाही.

"काय झालं वं पंचफुले, पोरगा का पोरगी?"

"जाय तिकडं."

"नाही, इचारून राहिली. का नसबंदी करून आनला? अवं, आता तं सरकारही बदललं. आता कोन जबरदस्ती करते?"

केवळराम हसला. हसताना दोन्ही बाजूंचे टाके ओढले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. तरी तो हसत राहिला. असं हसणं त्याला परवडत होतं आता. उजवीकडे सपाट, डावीकडे सपाट.

डावीकडे

आता डावीकडचं.

माय घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे घेऊन आली. घमेलं बाजेखाली सरकवलं. मग पट्ट्याची टोकं सोडली.

"डॉक्टर म्हने सोडू नोको."

"पट्ट्यातून शेक कसा लागन? थोडा वेळ. मंग बांधून देतो."

कापडाची घडी निखाऱ्यावर धरायची, आपल्या गालाला लावून पाहायची, मग त्याच्या छातीवर ठेवायची. आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे जास्त वेळ, कारण तिकडे जास्त ठणकत होतं. ठणका खरंच थांबला. उष्णता हाडापर्यंत उतरली, आणि नागपूरहून आल्यापासून तो पहिल्यांदा गाढ झोपला. झोपेत मायनं पट्टा पुन्हा बांधला. सैल. पोराचा श्वास कोंडू नये म्हणून.

जाग आली तेव्हा डावीकडे कुणीतरी बसलेलं होतं.

तसंच वाटलं त्याला. बोट गळ्याच्या हाडापासून निघालं आणि खाली जाता जाता चढलं. चढत गेलं. ताणलेलं, गरम, पूर्वीएवढं. पूर्वीपेक्षा जास्त.

परत आलं.

त्यानं पट्ट्याखाली पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती. दहा वर्षांची ओळख होती.

उजवीकडे

उजवीकडे काही नाही. उजवीकडचं आता कोण विचारतो.

डावीकडे, अजून

डॉक्टरचं वाक्य त्याला पाठ होतं. एखादी बाजू फुगली तर निघा. पण डॉक्टर फुगण्याबद्दल बोलला होता, उगवण्याबद्दल नव्हे. हे उगवलं होतं. कापलेल्या झाडाला खोडातून धुमारे फुटतात, तसं. नागपूरला जाऊन काय सांगायचं? माझं अंगच असं आहे, कितीदा कापाल?

त्यानं पट्टा आवळायचा प्रयत्न केला. हात मागे जाईनात. त्यानं पालथं झोपून वजनानं ते दाबून बसवायचा प्रयत्न केला आणि कळ मस्तकात गेली. त्यानं उशी तोंडावर धरली. बाहेर माय कुणाला तरी सांगत होती, "चांगला हाय. जेवून राहिला. झोपून राहिला."

मायला सांगितलं असतं तर तिनं पुन्हा शेकलं असतं. इश्वरला सांगितलं असतं तर त्यानं नागपूरला नेलं असतं, आणि गावानं विचारलं असतं, पुन्हा कायले? म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नाही. गोधडीमागं पडून तो कौलाच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा पाहत राहिला. मोहफुलांचा वास येत होता, कुणीतरी अंगणात वाळत घातली असतील. त्या गोड वासाची त्याला शिसारी आली.

तलाव आठवला. मांगलीकडची पाळ, तिथं पाणी खोल आहे. पोहता येणारा माणूस बुडत नाही म्हणतात. पण ज्याला हात खांद्याच्या वर नेता येत नाहीत, तो?

हा विचार त्यानं नीट, सावकाश केला. मग अंगणात मोटारसायकल थांबली.

दोन्हीकडे

आंधळगावचे लक्ष्मणराव. पोरीचे वडील. राजदूत लिंबाखाली लावून, टोपीनं तोंड पुसत ते सरळ खोलीत आले. गोधडी त्यांनी सारली, तसा सगळा उजेड आत आला.

"बसा, पाव्हणे," पंचफुला म्हणाली. "पानी आनतो."

"पानी नंतर." ते बाजेजवळ उभे राहिले. "बाबू, मी आडवंतिडवं बोलत नाही. बाजारात एक जन मले म्हने, तुमचा जवाई नागपूरले छाती कापून आला. छाती तं टी.बी.ची कापतेत. मले माही पोरगी द्याची हाय."

"गाठ होती वो," पंचफुला म्हणाली.

"कायची गाठ?"

लेकरू आडवं आलं असतं तर मायला काय करायचं ते सुचलं असतं. इथं सुचेना.

"सदरा काढ बाबू," लक्ष्मणराव म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मले पाहू दे. संशय घेऊन घरी कसा जाऊ?"

केवळरामला एकाएकी वाट दिसली. टी.बी. का नाही? टी.बी. झालेल्याला लोक लांब बसवतात, भांडं वेगळं ठेवतात, पण हसत नाहीत. सोयरीक मोडेल. मोडू दे. सदरा तर काढावा लागणार नाही.

"हो, मामाजी," तो म्हणाला. "टी.बी. हाय."

"काय बोलून राहिला रे!" माय ओरडली.

"हाय. खोकला येते." आणि तो खोकला. खोटा खोकला, पण खोट्यालाही छाती लागते. दुसऱ्यांदा खोकताना डावीकडे काहीतरी सुटलं. दुखलं नाही, उलट हलकं वाटलं. मग पोटाकडे गरम ओघळ गेला. सदऱ्यावर डाग पसरला, लाल नाही, काळपट, जांभळासारखा.

मायनं सदऱ्याची बटणं तोडली. पट्टा खाली ओढला.

लक्ष्मणरावांनी पाहिलं. उजवीकडे बोंडाच्या काठानं टाके, आणि सपाट पुरुषाची छाती. डावीकडे निळी-काळी, तुकतुकीत, बाईची. तिच्या एका टाक्यातून रक्त झिरपत होतं.

"परत आलं का रे हे?" मायचा आवाज फाटला. तिनं दोन्ही तळवे पुढे केले आणि तसेच हवेत थांबवले. "परत आलं का?"

"दोन्हीकडे होतं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"मिसरूडापासून."

लक्ष्मणरावांनी बाजेखालचं घमेलं पाहिलं. मग वळले आणि बाहेर गेले. किक मारल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. इंजिन धडधडलं. माय खाली बसली. केवळराम कौलाकडे पाहत राहिला. संपलं. एका परीनं बरं झालं, आता कुणाला उघडं बसायचं नाही.

इंजिन दूर गेलं नाही. हॉर्न वाजला.

"काय बसून राहिले?" अंगणातून आवाज आला. "आना त्याले. रगत वाहून राहिलं पोराचं!"

पाठीशी

त्याला धरता येईना. हात पुढं घेऊन लक्ष्मणरावांच्या कमरेला विळखा घालायचा तर खांदे उचलले जात होते, आणि सोडून बसायचं तर पहिल्याच खड्ड्यात तो खाली गेला असता. लाखनीचा रस्ता खड्ड्यांचाच.

पंचफुला आत धावली आणि जुन्या लुगड्याची लांब पट्टी घेऊन आली. बाळंतिणींचं पोट बांधायची पट्टी. तिनं लेकाची छाती लक्ष्मणरावांच्या पाठीला लावली आणि दोघांभोवती पट्टी फिरवली. एक वेढा, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेढ्याला गुडघा मोटारसायकलला टेकून ताणली. या वेळी सैल नाही. ती रडत होती, पण हात रडत नव्हते.

"माय, श्वास कोंडते."

"कोंडू दे."

लक्ष्मणरावांनी मान वळवली. "माहाही कोंडून राहिला बाई. पन राहू द्या."

रस्ताभर त्याची छाती सासऱ्याच्या पाठीवर दाबलेली. होणाऱ्या, न होणाऱ्या. ज्या अंगाला त्यानं दहा वर्षं कुणाचा धक्का लागू दिला नव्हता, ते अंग एका परक्या माणसाला असं बांधलेलं. प्रत्येक खड्ड्याला डावीकडून गरम काहीतरी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यात मुरत होतं. गावातली पोरं पाहत होती. त्यानं डोळे मिटले नाहीत. कपाळ पुढच्या खांद्यावर टेकलं, कारण दुसरं कुठं टेकायला जागा नव्हती.

लाखनी

लाखनीचा डॉक्टर म्हातारा होता. त्यानं कात्रीनं पट्टी कापली, एक टाका उघडला, दाबलं. गाठी बाहेर आल्या, काळ्या, कलेजीच्या तुकड्यांसारख्या. केवळराम दात आवळून छताकडे पाहत होता.

"रक्त साचलं होतं आत."

"ते... वाढलं नाही परत?"

"काय वाढणार? काढलंय ते. काढलेलं वाढत नाही." डॉक्टरनं हात धुतले. "शेकलं होतं का?"

"नाही जी," केवळराम म्हणाला.

भिंतीला टेकून उभे असलेले लक्ष्मणराव दुसरीकडे पाहू लागले.

"आणि एवढं घट्ट कुणी बांधलं? दाबानं बरंचसं बाहेर आलं. बरं केलं."

"मायनं."

डॉक्टरनं नवा पट्टा आवळला, सुई टोचली, आणि आजच्या आज नागपूर गाठायला सांगितलं. आत पुन्हा रक्त धरलं की धरलं नाही, ते तिथंच कळेल. काही नक्की नाही.

राजदूत दवाखान्यापाशी ठेवून, एस.टी.ची वाट पाहत दोघं हायवेच्या हॉटेलसमोर थांबले. ट्रकांमागून ट्रक जात होते. केवळरामनं बोट पट्ट्यावर नेलं आणि अर्ध्यातच थांबवलं. डावीकडे पाहायचं धैर्य होईना.

लक्ष्मणराव बोअरिंगच्या हापशीपाशी गेले. सदरा काढला. बनियन काढलं, त्याच्याही पाठीला डाग होता. दोन्ही दगडावर ठेवून घासू लागले. भर रस्त्यात, भर दुपारी, उघडे. उतारवयाचा माणूस. छाती ढिली पडलेली, दोन्हीकडे लोंबलेली, घासताना हलत होती. पांढरे केस तिच्यावर चिकटले होते. हॉटेलवाला चहा गाळत होता. एक ट्रकवाला हापशीवर पाणी प्यायला आला, "सरको बाबा," म्हणाला, पाणी प्यायला आणि निघून गेला. कुणीच पाहिलं नाही.

केवळराम पाहत होता. पाहतच राहिला.

लक्ष्मणरावांनी सदरा पिळला. डाग गेला नव्हता, फिका झाला होता. तो तसाच ओला खांद्यावर टाकून ते बाकावर येऊन बसले. नागपूरची गाडी अजून दिसत नव्हती.

"हात कुठवर जातेत तुहे?" त्यांनी विचारलं.

"काहून, मामाजी?"

"दाखव तं खरं."

केवळरामनं दोन्ही हात पुढं केले. हळूहळू उचलले. पट्ट्याच्या वरच्या कडेपाशी ते थांबले. त्यापुढं जाईनात.

"एवढेच," तो म्हणाला. तोंड रडवेलं झालं होतं.

लक्ष्मणरावांनी त्या हातांची उंची डोळे बारीक करून पाहिली, जमिनीपासून.

"हार घालाले पुरतेत," ते म्हणाले. "माही पोरगी बुटकी हाय."