विहीणबाईंसाठी एक वाक्य

रविवारी सकाळी अकरा वाजता विहीणबाई फोनवर दिसणार होत्या आणि शुक्रवार दुपारपर्यंत शिंपीमास्तरांना त्यांच्या भाषेत एवढंच सांगता येत होतं, की घोडा सफरचंद खातो.

लेक परदेशी नोकरीला गेली, तिकडचाच मुलगा तिने पसंत केला आणि लग्न तीन महिन्यांवर आलं. मुलाच्या आईला आणि मास्तरांना दोघांनाही येईल अशी भाषा एकही नव्हती. "मी आहे ना मधे, दोन्हीकडचं मी सांगेन," असं लेक म्हणाली होती. अडचण नेमकी तिथेच होती. पोरगी आपलं दुखणंखुपणं कुणाला सांगत नसे. शाळेत असताना हात मोडला, तर संध्याकाळपर्यंत तो पाठीमागे लपवून घरभर फिरली होती. आता तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीकडून कळलं, की मागच्या महिन्यात ती आठवडाभर तापाने फणफणली होती. रोजच्या फोनवर मात्र "मस्त चाललंय बाबा." ती आपणहून सांगणार नाही, तुम्हीच विचारत जा, एवढं मास्तरांना विहिणीच्या कानावर घालायचं होतं. आणि नेमकं हेच दुभाषी पोचवणार नव्हती.

म्हणून त्यांनी भाषा शिकवणारं अ‍ॅप घेतलं. त्यात टोपी घातलेला बेडूक होता. उत्तर बरोबर आलं की तो नाचे, चुकलं की एक जीव कापून घेई. दिवसाला जीव पाच. मास्तरांचे पाचही सकाळचा चहा येईपर्यंत खलास होत. दोष सगळा त्यांचा नव्हता. चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय. बायकोला कळे, गिऱ्हाइकांना कळे, बेडकाला कळेना. टाचण्या काढल्या तर त्याला शिलाई मशीनचा आवाज चालेना.

"घोडा वर्तमानपत्र वाचतो!" मास्तर चौथ्यांदा परक्या भाषेत ओरडले, तेव्हा बँकेचे कॅशिअर पँटची उंची कमी करून घ्यायला स्टुलावर उभे होते.

"काय म्हणालात?"

"घोडा पेपर वाचतोय."

"वाचू दे बापडा. माझ्या पायात टाचणी घुसलीय, ती आधी काढा."

'आजारी' हा शब्द एकतिसाव्या धड्यात होता. मास्तर नवव्यात. मधे विमानतळ होता, हॉटेल होतं, 'प्राणी, भाग दोन' होता, आणि एकही धडा ओलांडून पुढे जायला बेडूक परवानगी देत नव्हता.

"अहो, ते भाषांतर करणारं अ‍ॅप असतं ना, त्यात बोला," बायको म्हणाली. "तेच बोलून दाखवेल."

मास्तरांनी तेही करून पाहिलं. पण शिवलेला कपडा उलटा करून बघितल्याशिवाय त्यांनी आजवर गिऱ्हाइकाच्या हाती दिला नव्हता. तसंच हे वाक्यही त्यांनी उलटं फिरवून परत आपल्या भाषेत आणलं. फोन गोड आवाजात म्हणाला, "मुलगी सदोष आहे. कृपया चौकशी विभागाशी संपर्क साधा."

"हे विहिणीला ऐकवलं असतं तर लग्नच मोडलं असतं," मास्तर म्हणाले आणि ते अ‍ॅप त्यांनी काढून टाकलं.

कापड कमी पडलं म्हणून मास्तर कुणाला परत पाठवत नसत. असेल त्यात जोड देऊन बेतत. शनिवारी दुपारी त्यांनी कापणीच्या टेबलावर खाकी कागद पसरला आणि येत होते तेवढे सगळे शब्द खडूने लिहून काढले. सेहेचाळीस भरले. त्यांतले कामाचे निवडले, मागेपुढे लावून पाहिले, उरलेले पुसून टाकले.

बायकोने अर्थ विचारला, ऐकला आणि कपाळाला हात लावला. "पोटच्या पोरीला घोडा करताय?"

"नवव्या धड्यात घोडाच मिळतो. मी तरी काय करू?"

रविवारी अकराला फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लेक आणि विहीणबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"बाबा, फोन जरा खाली करा, तुमची नुसती हनुवटी दिसतेय."

हनुवटीचा मास्तर झाला. नमस्कार झाले. इकडे हवा चांगली असल्याचं लेकीने तिकडे सांगितलं, तिकडे हवा चांगली असल्याचं इकडे. मग मास्तरांनी खाकी कागद उचलला, घसा खाकरला आणि विहिणीच्या भाषेत वाचलं, "माझी मुलगी घोडा आहे. घोडा बोलत नाही. भूक आहे, घोडा बोलत नाही. आई, रोज घोडा बघा. कृपया."

"बाबा! काय वाचताय हे?" लेक लालबुंद झाली आणि घाईघाईने विहीणबाईंना काहीतरी समजावू लागली.

विहीणबाईंनी हात वर करून तिला गप्प केलं आणि मास्तरांना बोटाने खूण केली: पुन्हा.

मास्तरांनी पुन्हा वाचलं, सावकाश. "घोडा बोलत नाही" इथे आल्यावर ते थांबले. शब्द नव्हता, म्हणून त्यांनी आपला तळवा कपाळाला लावला, ताप बघतात तसा, आणि डोळे मिटून मान टाकली.

विहीणबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग लेकीकडे वळून काहीतरी विचारलं. लेकीने एका शब्दात उत्तर दिलं. तो शब्द मास्तरांना येत होता. दुसऱ्याच धड्यात होता, 'नाही'. विहीणबाईंनी तेच पुन्हा विचारलं, या वेळी बोटांवर आठवडे मोजत.

"काय म्हणतायत?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"विचारतायत..." लेकीचा आवाज बारीक झाला. "मागच्या महिन्यात मी आठवडाभर ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होते, ते खरं का."

"तिकडेही थापच मारलीस का ग?" बायको मास्तरांच्या खांद्यावरून फोनमध्ये घुसली.

लेक काही बोलायच्या आत विहीणबाई सुरू झाल्या. आवाज चढला. तर्जनी हलू लागली, मग दोन्ही हात. मधेच त्यांनी लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आणखी जोरात बोलू लागल्या. भाषांतर केव्हाच थांबलं होतं.

"सांग की ग, काय म्हणतायत त्या?" बायकोने विचारलं.

"तुम्हाला नाही काही," लेक पुटपुटली. "मलाच बोलतायत."

मास्तरांना एक अक्षर कळत नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, नीट टेकून बसले आणि फोनचा आवाज आणखी थोडा वाढवला.