पांढऱ्या कापसाचा चमत्कार

सुरतेतल्या नवागामच्या मैदानात त्या सुट्टीच्या दिवशी एवढी गर्दी लोटली होती की, कुणी महाराजच अवतरले असावेत असं वाटावं. महाराज होतेच; फक्त अंगात भगवी कफनी नव्हती, डॉक्टरी पांढरा कोट होता. नाव कुंदनभाई. डॉक्टर होते की नाही ते कुणी विचारलं नाही, कोट बघूनच भागलं. कुठल्याशा सेवा संस्थेतर्फे ते तंबाखूच्या राक्षसाचा वध करायला आले होते, आणि हा वध सगळ्यांसाठी फुकट होता.

टेबलावर काचेच्या दोन बरण्या, दोन्हींत कापसाचे बोळे. पहिल्या बरणीच्या नळीत कुंदनभाईंनी पेटती बिडी खोचली आणि पंपाने धूर आत ओढला. बघता बघता कापूस पिवळा, मग काळपट पडला. बायकांनी पदर नाकाला लावले.

"ये आपका फेफडा है, भाईयों. आता ही बघा आपली मुक्तिपुडी. ना धूर, ना राख, ना थुंकी."

त्यांनी ओठाखाली ठेवायची, निकोटीन भरलेली एक इवलीशी पांढरी पुडी दुसऱ्या बरणीत सोडली आणि पंप मारला. कापूस पांढराशुभ्र राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला, मागच्या रांगेत कुणी चक्क हात जोडले.

भागीरथीबाईंनीही जोडले. त्यांचे यजमान बन्सीलाल खानदेशातून सुरतेला आले ते लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला, आणि लूमबरोबर मावाही आला. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात चोळायचा आणि गालात धरायचा. हल्ली त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसू लागला होता, तोंड नीट उघडत नव्हतं, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मावा आजपासून बंद, आणि चट्ट्याचा तुकडा काढून तपासायचा. तुकडा काढायचा म्हटल्यावर बन्सीलालांची पाचावर धारण बसली. काहीही न कापणारा डॉक्टर त्यांना हवाच होता, आणि तो आयता मैदानात चालून आला.

कुंदनभाईंनी त्यांना मंचावर बोलावलं, ओठाखाली पुडी ठेवली आणि समोर मोबाइल धरला. "बोलो काका, सरकार पुडीवर बंदी आणायला निघालंय, त्याला सांगा. मुक्तिपुडीने आमचा मावा सुटला, ती आम्हा गरीब कामगारांकडून हिरावून घेऊ नका." मावा सुटायचा तर दूरच, सकाळचा अजून दातात होता. पण बन्सीलाल लाजत लाजत सगळं बोलले.

त्यानंतर लूमखात्यात पुडीचं राज्य आलं. तिथे धाग्याची तुसं सगळीकडे उडत असतात, एक ठिणगी पडली तर कारखाना पेटायचा, म्हणून बिडी कुणी पेटवत नाही. मावा खावा तर थुंकायला उठावं लागतं, आणि पिंक कापडावर उडाली की शेठ आईबाप काढतो. पुडीचं तसं काही नाही. ओठाखाली ठेवली की सबंध पाळीभर ठेवता येते. पूर्वी मशीनपाशी असेपर्यंत तरी तोंड रिकामं राहायचं, तेही आता भरलं. आत पुडी आणि बाहेर आलं की मावा, असा बन्सीलालांचा दुहेरी संसार सुरू झाला. भागीरथीबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी कानबाई देवीपुढे नारळ फोडला आणि दवाखान्याचं नाव काढणं सोडून दिलं.

चट्ट्याला मात्र मुक्तीची बातमी कळली नव्हती. तो वाढतच राहिला. मग एक दिवस बन्सीलालांच्या उशीला रक्ताचा डाग दिसला, आणि भागीरथीबाई शेजारच्या विशाखाकडे गेल्या. विशाखा मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. भागीरथीबाईंनी तिला आपल्या अहिराणीत सांगितलं.

"पोरी, चट्टा वाढी ऱ्हायना. पन हाऊ माणूस दवाखानामा जात नही. म्हणस, पुडी शे ना."

विशाखाने आधी बन्सीलालांना समजावून पाहिलं. ते म्हणाले, "अरे, कापूस पांढरा राहिला तो आख्ख्या नवागामनी पाह्यला. तू एकलीच शहाणी का?" तेव्हा पुढच्या शिबिराला ती भागीरथीबाई आणि बन्सीलाल दोघांना घेऊन थेट मंचापाशी गेली.

कुंदनभाईंचा बिडीचा खेळ आटोपला, टाळ्या झाल्या. विशाखा म्हणाली, "सर, दुसऱ्या बरणीत एकदा मावा ठेवून पंप मारा ना."

"बेन, हा प्रयोग धुराचा आहे."

"इथे बिडी ओढतं कोण? हात वर करा." एकही हात वर आला नाही. "सगळे लूमवाले. सगळे मावा खाणारे. मग बिडीशी तुलना कुणासाठी?"

लोकांना मौज वाटली. "ठेवू दे ना, भाई," कुणीतरी ओरडलं. विशाखाने स्वतःच बरणीत मावा टाकला आणि पंप मारला. कापूस पांढराच. मग तिने पिशवीतून उंदीर मारायच्या औषधाची वडी काढली, सगळ्यांना दाखवली आणि बरणीत सोडली. पुन्हा पंप. कापूस तसाच पांढराशुभ्र.

"जे जळत नाही त्याचा धूर निघत नाही. धूर नाही तर कापूस काळा कसा होणार? मावा पण सुरक्षित, उंदराचं औषध पण सुरक्षित. खाणार का कुणी?"

गर्दीतून पानटपरीवाला भाईदास खो खो हसला. "अरे बेन, टेम्पो तो एकच येते. माव्याची तंबाखू पण तोच उतरवते, पुडी पण तोच उतरवते. कंपनी एक, शेठ एक. या मांडवाचे बांबूपण त्याच टेम्पोतून आले. मला काय, मी दोन्ही विकतो."

कुंदनभाई डगमगले नाहीत. अशी माणसं डगमगत नसतात. "हां, उद्योगाची साथ आहे. चांगल्या कामाला पैसा कुठूनही येवो."

"दवाखान्यातही निकोटीनच्या गोळ्या देतात," विशाखा म्हणाली, "पण त्या हळूहळू कमी करून बंद करायला. तुमची शेवटची पुडी कधी घ्यायची, ते तुम्ही एकाला तरी सांगितलंत?"

कुंदनभाईंनी फुकट पुड्यांच्या वाटपाची घोषणा केली, आणि सांगायला लाज वाटते, निम्मं मैदान रांगेत उभं राहिलं. बन्सीलाल तेवढे राहिले नाहीत. त्यांनी ओठाखालची पुडी काढून मातीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला. रोग जबड्याच्या हाडात उतरला होता. "हा रोग त्या पुडीने दिला असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "तो माव्याने दिला. पुडीने यांना घरी बसवून ठेवलं. तेव्हाच आले असते तर चट्ट्यावर भागलं असतं." अर्धा जबडा काढावा लागला. बन्सीलाल जगले, पण बोलणं गेलं.

पुढे सुरतेजवळच्या कडोदऱ्याला तसंच शिबिर भरलं, तेव्हा भागीरथीबाई नवऱ्याचा हात धरून तिथे गेल्या. मंचामागे मोठा पडदा होता आणि पडद्यावर बन्सीलाल बोलत होते, धडधाकट, लाजत लाजत. "मुक्तिपुडीने आमचा मावा सुटला..." सरकारी बैठकांतही म्हणे कामगारांची मागणी म्हणून हेच दाखवत होते.

भागीरथीबाई मंचावर चढल्या आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"हाऊ पडदावरना माणूस मन्हा नवरा शे. तठे बोलस तो. आठे बोलता येत नही." त्यांनी बन्सीलालांच्या तोंडावरचा रुमाल हलकेच सोडला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना फिरवल्या. "देखा, माय. मान फिरावू नका. मी बी टाळ्या वाजाड्या व्हत्या. कोट देखा नि हात जोडात, इचारं काहीच नही. आते तुम्ही इचारा. जो कोनी तुमले सोडवाले येई, त्याले इतलंच इचारा, आम्ही पुरं सोडी दिधं तर नुकसान कोनं व्हई? त्यानंच व्हत व्हई, तर त्याना हातनं औषध खाऊ नका. दवाखानामा जा."

कुंदनभाईंनी खूण केली आणि माईक बंद पडला. पण तोवर पहिल्या रांगेतली एक बाई उठली होती. तिचा नवराही लूमवर होता, त्याच्याही गालात काहीतरी होतं. मंचाजवळ येऊन तिने कुंदनभाईंना तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि उत्तरासाठी ती तिथेच उभी राहिली.