मोठं अक्षर कुणाला?

"मॅडम, हे समदं बारक्या अक्षरात हाय. ह्यातलं मोठं कोणतं करायचं?"

नागनाथ पेंटरनं स्टुलावर उभ्याउभ्याच फोन खाली धरला. बबिता मॅडमनी भिंतीवर लिहायची इंग्रजी वाक्यं त्याला फोनवर पाठवली होती. खाली मराठी अर्थही दिला होता. पण घाईघाईत टाइप केल्यामुळे पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत कुठंच कॅपिटल नव्हतं.

"सोपं आहे काका. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. आय एकटाच आला तर कॅपिटल. आणि विशेषनामाला कॅपिटल. बास."

"विशेष काय म्हणलात?"

"विशेषनाम हो. शाळेत शिकला असाल की." एवढ्यात घंटा झाली आणि मॅडम वर्गावर पळाल्या. त्या सेलूच्या. फोनवर त्या त्याला 'जयभीम काका' म्हणायच्या, शाळेच्या फाटकातून आत आल्यावर मात्र 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या. नागनाथला त्याचं काही वाटत नसे. आपल्यातली एक पोरगी इंग्लिश शाळेत मास्तरीण झालीय, याचंच त्याला कौतुक होतं.

राणीसावरगावच्या अलीकडच्या माळावर ही शाळा नवीनच उभी राहिली होती. संस्था दिनकररावांची. पत्र्याच्या काही खोल्या, पुढं रंगीत कमान आणि गळ्यात टाय बांधलेली पोरं. दिनकररावांनी नागनाथला बोलावून सांगितलं होतं, "ही एक खोली कर. पसंत पडली तर बाकीचे वर्ग, व्हरांडा, कंपाउंड समदं तुझंच. वर्षभर हात रिकामा राहायचा न्हाई."

वर्षभर! नागनाथनं हा शब्द किती वर्षांनी ऐकला होता. फ्लेक्सनं पेंटर मारले, ही काही आता सांगण्याजोगी बातमी राहिलेली नाही. एके काळी निवडणूक आली की चार गावच्या भिंती त्याच्याकडं असत. गाड्यांच्या नंबरप्लेटा, ट्रॉल्या, किराणा दुकानांच्या पाट्या, सगळीकडं त्याचाच हात. आता वाढदिवसाचा आणि मयताचा फ्लेक्स एकाच दुकानात, एकाच मशिनीवर निघतो आणि पंधरवड्यात उन्हानं उडून जातो. तरी माणसं तिकडंच जातात. पुण्याला असलेल्या मुलानं, धम्मानंदनं, बापासाठी एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. सोसायटीवाले रविवारपर्यंत थांबणार होते.

"पप्पा, बसून काम हाय. खुर्ची देतेत."

"तीस वर्सं शिडीवर उभा राहिलो रे. आता खुर्चीवर बसून लोकांची गाडी आली की उठू का? ही खोली पास झाली तर मी येत नसतो."

तर अशी सगळी गोम त्या एका खोलीत होती.

आमच्याकडच्या मराठी शाळांत इंग्रजीच्या चार लिप्या शिकवत. पहिली म्हणजे मोठी सुटी अक्षरं, दुसरी बारकी सुटी, तिसरी आणि चौथी वळणाची. नागनाथला दहावीत इंग्रजीनंच पाडलं, पण पहिली लिपी हाताला बसली ती बसलीच. दुकानाची पाटी असो की ट्रॅक्टरवरचं मालकाचं नाव, इंग्रजी म्हटलं की सगळी मोठी, छाती काढून उभी राहिलेली अक्षरं. दुसऱ्या लिपीशी त्याचं कधी कामच पडलं नव्हतं. ती तो आता, पन्नाशी ओलांडल्यावर, नातवाच्या जुन्या चार रेघी वहीवर गिरवून शिकला. वाय आणि जी रेघेखाली शेपूट सोडतात, याचा त्याला आधी रागच आला. मग मजा वाटायला लागली.

दुपारी सुकेशनी भाकर घेऊन आली. नागनाथनं हात पुसत बायकोला विचारलं, "तू सातवीपस्तोर शिकलीस. विशेषनाम म्हंजे काय?"

"विशेष म्हंजे खास. कुणी भेटलं की म्हणत न्हाईत का, काय विशेष?"

"म्हंजे खास माणसाचं नाव."

"तसंच आसंल. मोठ्या माणसाला मोठं अक्षर."

नागनाथला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मराठीत अक्षर लहान-मोठं नसतं, पण माणूस असतो. तो 'आला' म्हणायचा की 'आले' म्हणायचा, यावरून त्याची उंची कळते. इंग्रजीवाल्यांनी तेच काम अक्षरावर सोपवलं असणार. आता प्रश्न एवढाच उरला की ह्या वाक्यांत खास कोण?

भाकर खाताखाता तो फोन वाचू लागला. "माझी आई शेतात काम करते. घे, ही पहिली."

"आईला मोठं," सुकेशनी म्हणाली. "त्यात काय इचारायचं?"

"शेतकरी राजाला जेवू घालतो."

"शेतकऱ्याला मोठं. राजाला बारकं."

"राजाला बारकं?"

"जेवू घालणारा मोठा का जेवणारा?"

नागनाथ हसला. बायको सातवीत शाळेतून निघाली नसती तर काय झाली असती, असं त्याच्या मनात आलं. पुढचं वाक्य झाडूवालीचं होतं. झाडूवाली आमची शाळा स्वच्छ ठेवते. तिलाही दोघांनी मोठं अक्षर दिलं. मग शेवटचं वाक्य आलं. आमचे अध्यक्ष आम्हाला खाऊ देतात.

"अध्यक्ष बारका," नागनाथ म्हणाला.

सुकेशनीनं कपाळाला हात लावला. "अवो, दिनकरराव हायेत ते. खोली त्यांची, रंग त्यांचा. कशाला उगं?"

"अगं, त्यांचं नाव कुठं हाय? अध्यक्ष म्हणलंय. अध्यक्ष काय, आज हा हाय उद्या तो. झाडूवाली गेली तर दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवता येत न्हाई. खास कोण, सांग की."

"मला न्हाई सांगता येत. पण भीती वाटायलीय मला," ती म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन निघून गेली. खोटं कशाला बोला, हे वाक्य ठरवताना नागनाथच्या मनात थोडी खोडी होती. फार नाही. भाजीत मीठ असतं तेवढीच.

मग त्यानं दोरीला निळीची पूड लावून भिंतीवर रेघा मारल्या आणि आईचं वाक्य काढायला घेतलं. 'मदर'चा एम त्यानं लाल रंगात काढला, त्याला काळी सावली दिली. त्याची आई, सगुणाबाई, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिली. दिनकररावांच्या वडलांच्या रानातही. गावात तिला 'बाई' कुणी म्हटलं नाही. शेंबडं पोरगंसुद्धा बांधावरून हाक मारायचं, "सगुणे, पाणी आण." आणि ती आणायची. ती मेली तेव्हाही गावातलं कुणीतरी 'सगुणी मेली' असंच म्हणालं होतं. तो एम पुरा झाला तेव्हा नागनाथ स्टुलावरून उतरला, चार पावलं मागं गेला आणि बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चांगलं अक्षर त्याच्या हातून कधी उतरलं नव्हतं, कुठल्या आमदाराच्या नावाचंसुद्धा नाही.

शनिवारी दिनकरराव खोली बघायला आले. बरोबर बबिता मॅडम होत्या. दिनकररावांना इंग्रजी बेताचंच येई, पण 'प्रेसिडेंट', म्हणजे अध्यक्ष, हा शब्द त्यांना पाठ होता. लेटरहेडवर, कमानीवर, गाडीच्या काचेवर तो होताच. भिंतीवर त्यांनी आधी तोच शोधला. सापडला. मग त्यांनी वरच्या ओळीकडं बघितलं.

"मॅडम, हे वरी काय लिवलंय?"

"स्वीपर, सर. झाडूवाली."

"झाडूवालीला एवढं मोठं लाल अक्षर? अन् मला बारकं?" ते नागनाथकडं वळले. "काय रे, मुद्दाम केलंस का?"

"न्हाई मालक. मॅडमनं सांगितलं, विशेष नावाला मोठं."

"मग मी विशेष न्हाई?"

ह्या प्रश्नाला नागनाथकडं जे उत्तर होतं ते देण्यासारखं नव्हतं.

"मॅडम, तुमीच सांगा. बरोबर काय हाय?"

बबिता मॅडमनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सर, मदर, फार्मर, स्वीपर... हे सगळे स्मॉल पाहिजेत. ही सामान्यनामं आहेत."

"अन् अध्यक्ष?"

"प्रेसिडेंट कॅपिटल चालतं सर," त्या हळूच म्हणाल्या. "रिस्पेक्ट म्हणून लिहितात."

"ऐकलंस?"

नागनाथला ऐकू आलं होतं. "मग मॅडम, रिस्पेक्ट म्हणून आईला न्हाई का चालत?"

दिनकररावांचा आवाज वाढला नाही, उलट खाली आला, आणि नागनाथला त्या आवाजाची जुनी ओळख होती. "तू भिंत रंगवायला आलास का शाळा शिकवायला? चार अक्षरं आली की तुमच्या लोकांना आदी आमालाच बारकं करायचं आसतं. परभणीहून स्टिकर मागवतो मी. चिटकवलं की काम झालं. तू ही भिंत पांढरी कर अन् जा."

"मालक, बदलून देतो. एका दिवसाचं काम हाय. तुमचं मोठं करतो, बाकीचे बारके करतो."

हे शब्द आपल्याच तोंडून गेले, यावर नागनाथचा विश्वास बसेना. पण गेले होते. आणि गेले ते गेले, त्यांचा काही उपयोगही झाला नाही. दिनकरराव तोवर व्हरांड्यात पोचले होते आणि कुणालातरी फोनवर स्टिकरचा भाव विचारत होते.

बबिता मॅडम दारातच थांबल्या होत्या. "काका, अध्यक्ष तुम्ही बरोबर लिहिलं होतं. तिथं स्मॉलच पाहिजे."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"मला अजून नोकरीची ऑर्डर नाही दिली काका. तोंडीच ठेवलंय त्यांनी."

नागनाथनं मान हलवली. तिच्यावर रागवावं, एवढंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "जाऊ द्या. मला एवढं सांगा, विशेषनाम म्हंजे काय मग?"

"माणसाचं स्वतःचं नाव. गावाचं नाव, नदीचं नाव. परभणी, गोदावरी. बबिता, नागनाथ."

"कुणाचंबी?"

"कुणाचंही."

"नाग्या म्हणलं तरी?"

"हो. तरी कॅपिटलच."

"म्हंजे सगुणी म्हणलं असतं तरी..." नागनाथनं वाक्य सोडून दिलं. इंग्रजीत त्याच्या आईला मोठं अक्षर मिळालं असतं. भीक न मागता, कुणाला न विचारता, हाक मारणाऱ्यानं कितीही तुसडेपणानं हाक मारली असती तरी. फक्त तिचं नाव लिहायला पाहिजे होतं. आणि नाव लिहा, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं ते 'आई' लिहा, 'झाडूवाली' लिहा.

तो बाहेर आला आणि त्यानं पुण्याला फोन लावला.

"पप्पा, पास झाली का खोली?"

"त्यांना सांग, येतो म्हणून."

"काय झालं पप्पा?"

"काय न्हाई. आजची गाडी मिळाली तर आजच निघतो. तुझ्या आईला मी सांगतो."

पलीकडं धम्मानंद काहीतरी समजुतीचं बोलत राहिला, खुर्ची, पंखा, गणवेश. नागनाथ हूं हूं करत राहिला. मग त्यानं बादलीत पांढरा रंग कालवला आणि आत गेला.

लाल रंग हट्टी असतो. पांढऱ्याचा एक हात मारला तरी खालून गुलाबी वर येतो. काळी बारकी अक्षरं लवकर बुजली. अध्यक्ष तर पहिल्याच हातात गेले. मोठी लाल तेवढी दिसत राहिली. दुसरा हात मारायला तो स्टुलावर चढला तेव्हा शाळेची झाडूवाली, सुलाबाई, फरशीवर सांडलेले थेंब पुसायला ओलं पोतं घेऊन आली. तिला अक्षरओळख नव्हती. पोतं फिरवताफिरवता ती वर बघू लागली.

"काय लिवलं व्हतं रे इथं?"

"तुझंच लिवलं व्हतं, मावशी."

"माझं?" ती पोतं हातात धरून उभी राहिली. तिच्या तोंडावर हसू आलं, मग ते हसू गोंधळलं. "मग पुसाया काहून लागलास?"

नागनाथनं ब्रश बादलीच्या काठावर निथळला.

"जरा मोठं झालतं," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचा हात मारला.