गॅस ओढणाऱ्या यंत्राची कैफियत

मी डहाणूच्या एका प्रशिक्षण केंद्रातलं, गॅस ओढून घेणारं यंत्र बोलतोय. फ्रिज दुरुस्त करताना आतला जुना गॅस हवेत जाऊ न देता सिलिंडरमध्ये भरायचा, एवढंच माझं काम. तेवढं सोडून बाकी सगळं माझ्याकडून करून घेतलं गेलं.

२०१६ साली 'पर्यावरणपूरक प्रशिक्षण' योजनेतून मी आलो. मला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले आणि लगेच माझ्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढवलं. पर्यावरणाची काळजी इथे अशी झाकून घेतात.

विष्णू सर फळ्यावर ओझोनचा थर फार सुंदर काढत. चित्र पुसलं की प्रात्यक्षिक. मग खिडक्या उघडून फ्रिजचा गॅस फुस्स करून सोडून देत.

तलासरीहून येणाऱ्या जमनाने एकदा विचारलं, "सर, हा गॅस मशीनमध्ये नाही घ्यायचा?"

"अगं, सरकारी वस्तू आहे. बिघडली तर मी काय उत्तर देऊ?"

"मग शिकायचं कधी?"

"पेपरात प्रश्न येतो ना, तेव्हा लिहायचं."

जमनाने माझी माहितीपुस्तिका वाचून काढली. त्या पुस्तिकेची ती पहिलीच वाचक. शेवटच्या परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, तिने सरळ माझं आवरण काढलं. माझ्या छातीत धडधडलं. मोटर होती म्हणा ती. इतरांनी दोन मिनिटांत गॅस उडवला, आम्हाला चाळीस लागली. परीक्षकांनी कौतुकाने मान डोलावली आणि उशिराचे गुण कापले. जमना जेमतेम पास झाली. डोळे भरले होते, तरी मला पुसूनच गेली.

२०१९मध्ये ती परत आली. धाकटी डहाणू या जवळच्या कोळीवाड्यात ती आता मासळीवाल्यांचे फ्रिज दुरुस्त करत होती. मला दोन दिवसांसाठी न्यायची परवानगी तिने मागितली.

"प्रशिक्षणाचं यंत्र कामाला देता येत नाही," सर म्हणाले. "नियम आहे."

"बरं," म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी टेम्पोत मासळीवाल्यांचे तीन बंद पडलेले फ्रिज घालून दारात हजर. "सर, मुलांच्या प्रशिक्षणासाठी आणलेत. याला नियम आहे का?"

सरांनी बराच वेळ शोधला. सापडला नाही.

आता मी रोज चालतो. जमना आठवड्यातून एकदा येऊन मुलांना दाखवते. सर मागे उभे राहतात आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून वहीत टिपून घेतात. कृपा करून त्यांना हसू नका. शिकतायत.