पाद्र्याची वाळू

व्हेस्टरमिंडेच्या बंदरात कुठल्याही तांडेलाला "आज मासा कुठं लागला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पाद्र्याच्या वाळूवर." किनाऱ्यापासून वीस मैलांवरच्या त्या उथळ जागेवर वाळूशिवाय काहीही नाही. तीन पिढ्यांपूर्वी एक पाद्री दिवसभर तिथे गळ टाकून बसला आणि रिकाम्या हातांनी परतला, तेव्हापासून ते नाव. उत्तराचा अर्थ एवढाच की विचारू नकोस. बंदरातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं.

बेंटे ओखोल्मला कळलं नाही. समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीने कोळ्यांशी बोलण्यासाठी नेमलेली ही बाई मूळची आतल्या मुलखातली. दोन वर्षं दर मंगळवारी ती बर्फाच्या कारखान्यासमोरच्या बाकावर येऊन बसे. पहिले सहा महिने तिला कोणी कॉफी विचारली नाही, तर ती घरून थर्मास आणू लागली. तांडेल थोरकिल ब्रोगोर तिला एकदा आपल्या बोटीवर घेऊन गेला, ते मुख्यतः तिची जिरवायला. दोन तास ती ओकत होती आणि उरलेले सहा तास मासे साफ करत होती. थोरकिलला तिची आणखी एक गोष्ट आवडे. ती गोड बोलत नसे.

"चक्क्या येणार," ती म्हणे. "संसदेत ठरलंय. विजेची केबल कुठून न्यायची, तेवढंच अजून आपल्या हातात आहे."

केबलवर दगडांची रास टाकतात आणि तिथून जाळं ओढता येत नाही. म्हणून हिवाळ्यात तिने बंदरातल्या अकराही तांडेलांना एकेकटं गाठून विचारलं, की तुम्ही मासेमारी नेमकी कुठं करता? बोटी लहान, त्यामुळे त्यांच्या फेऱ्यांची सरकारदरबारी नोंद नव्हती. अकराही जणांनी, एकमेकांना न विचारता, एकच जागा सांगितली आणि खाली सही केली. थोरकिलनेही.

जूनमधल्या एका संध्याकाळी कोळ्यांच्या संघाच्या सभागृहात सभा भरली. रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं, मग कॉफी फिरली. बेंटेने भिंतीवर नकाशा पाडला.

"तुमचं म्हणणं मान्य झालं," ती म्हणाली. चेहरा उजळला होता. "इंजिनियर तयार नव्हते, तीन महिने भांडले मी. पण केबल सात किलोमीटर उत्तरेला सरकली. पाद्र्याची वाळू वाचली."

कोणी टाळी वाजवली नाही. मागून लाउरिट्स फिस्सकन हसला आणि त्याने कपात तोंड घातलं. थोरकिलचा या माणसाशी वीस वर्षांचा उभा दावा.

थोरकिल नकाशाकडे बघत राहिला. केबलची लाल रेघ समुद्रतळावरच्या त्याच्या खळग्यावरून आरपार गेली होती. तो खळगा त्याच्या आजोबांनी शोधला होता. एप्रिल ते ऑगस्ट तिथे लेपीसारखे चपटे, परातीएवढे मासे लागत. थोरकिलने त्याचा पत्ता सख्ख्या भावालाही दिला नव्हता. खळगा गेला तर बोट विकायची, दुसरं काही उरत नव्हतं.

"हरकती कधीपर्यंत?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी दुपारी बारा. पण आता कशाची हरकत?"

"पाद्र्याच्या वाळूवर मासा नाही, बेंटे."

"म्हणजे?"

"कधीच नव्हता. तसं म्हणायची रीत आहे इथं."

ती एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. सगळे बशीतल्या केककडे बघत होते. तिचे कान लाल झाले.

"अकराच्या अकरा?"

"आम्ही एकमेकांनाही तेच सांगतो गं," लाउरिट्स म्हणाला. "तुला काही वेगळं वागवलं नाही."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. आता ही पिशवी उचलणार आणि जाणार, असं थोरकिलला वाटलं. ती म्हणाली, "एकट्याच्या हरकतीचा उपयोग नाही. अकरा जणांच्या सहीविरुद्ध एकट्याचं कोण ऐकेल? सगळ्यांच्या खऱ्या जागा लागतील. आणि कागद जाहीर असतो, कोणीही वाचू शकतो. ते मला लपवता येणार नाही."

थोरकिल उठून बाहेर गेला. लोकांना वाटलं, रागावून गेला. दहा मिनिटांनी तो बोटीवरच्या मार्ग नोंदवणाऱ्या यंत्रातलं कार्ड घेऊन परतला. त्याच्या बोटीने तीस वर्षांत पाण्यात ओढलेली प्रत्येक रेघ त्यात होती. त्याने ते बेंटेच्या हातात दिलं.

"लाव भिंतीवर."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"जाहीरच होणार ना? मग यांनी पेपरात कशाला वाचायचं."

भिंतीवर निळ्या रेघांचं जाळं उमटलं आणि खळग्याभोवती गर्द झालं. हे बघायला इथल्या कोणीही हाताचं एक बोट कापून दिलं असतं. आता मात्र दोघांनी संकोचून माना दुसरीकडे वळवल्या.

"तरीच," लाउरिट्स पुटपुटला. "इतकी वर्षं मी चार मैल पूर्वेला मरत होतो." त्याने कप खाली ठेवला, पुढे आला आणि बेंटेच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. "माझी ही जागा. हसू नका लेको."

मग एकेक जण उठला. कॉफीची दुसरी किटली आली. बेंटेने अकरा जागा उतरवून घेतल्या, प्रत्येकाकडून दोनदा वदवून घेतल्या. अर्जाच्या डोक्यावर तिने लिहिलं: आधीच्या माहितीत चूक झाली, कारण मी या बंदराची रीत न समजून घेता प्रश्न विचारला. थोरकिल म्हणाला, "खोटं आम्ही बोललो, तू कशाला अंगावर घेतेस?"

"तुम्हाला खोटारडे म्हटलं तर पुढचं कोणी वाचणार नाही," ती म्हणाली. "आणि विचारायचं कसं, हे शिकणं माझं कामच होतं."

ऑगस्टच्या सुरुवातीला निकाल लागला. केबल परत दक्षिणेला, पाद्र्याच्या वाळूवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरकिल खळग्यावर पोचला, तर लाउरिट्सची बोट आधीच तिथे. त्याने एक सणसणीत शिवी हासडली. मग रेडिओ उचलला.

"लाउरिट्स, उत्तरेच्या टोकाला बुडालेली बोट आहे. जाळं फाटेल. पश्चिमेकडून घे."